लिहून न दिलेला शब्द

प्रिय मॉरवेना,

बंदर वाचलं. रेडिओवर ऐकलं असशीलच, पण कसं वाचलं ते मला विचार. मी संसदेच्या चहागृहात बशा विसळत होतो. इथे चहासोबतच्या गोड पावावर, स्कोनवर, आधी साय आणि मग जॅम लावतात गं, आपल्या कॉर्नवॉलमध्ये एवढ्यावरून सोयरीक मोडली असती. असो.

आपलं बंदर बुजवून तेलाच्या टाक्या उभारायचं विधेयक काल शेवटच्या मतदानाला आलं. सगळे हजर असते तर बरोबरी, पण आपल्या खासदार ट्रेगिअरबाई अपेंडिक्स कापून इस्पितळात. एका मताने गेलोच म्हणायचं. मला तर बाबांची बोट विकलेली दिसायला लागली. तेवढ्यात मतदानाची घंटा वाजली, सगळे पळाले, आणि सरकारी बाजूचे म्हातारे खासदार अल्डर्सली माझ्यासमोर चहा ढवळत बसून राहिले. त्यांचा प्रतोद धापा टाकत आला. "उठा आजोबा, चहा कुठे पळून जात नाही." अल्डर्सली म्हणाले, "ट्रेगिअरबाई येऊ शकत नाहीत, तर मीही मत देणार नाही, असा शब्द दिलाय त्यांना." "कुठे लिहिलाय?" "कुठेच नाही. पंतप्रधान कसा नेमायचा ते तरी कुठे लिहिलंय? न आवडलेल्या कायद्यालाही राणी मान्यता देते, ते? अरे, आपली राज्यघटना एका पुस्तकात नाही. थोडी कायद्यांत, थोडी न्यायालयांच्या निकालांत, उरलेली रिवाजात. संसदेने ठरवलं तर ती कुठलाही कायदा करील, तिला अडवणारं कोणी नाही. मग निदान शब्द तरी पाळावा." "पुढची उमेदवारी विसरा." "मटार लावीन बागेत. पोरा, साखर आण." आणि गंमत म्हणजे त्यांना स्वतःला टाक्या हव्याच होत्या.

बरोबरी झाली. मग सभापतींचं मत. अशा वेळी त्यांनी आहे ते तसंच राहू द्यायचं, हाही रिवाजच. विधेयक पडलं, मी नाचलो, किटली फुटली, नोकरी गेली.

पण पत्र त्यासाठी नाही. बाबांच्या हातांनी आता जाळं ओढवत नाही. जोडीला माणूस नसला तर बंदर वाचूनही तू बोट विकशील, हे तू कळवलं नाहीस तरी मला कळतं. गिऱ्हाइकाला नाही सांग. मी येतोय, राहायलाच. गेल्या खेपेला म्हणालीस, तुझा काय भरवसा, लिहून दे. ते मात्र देणार नाही. खालची सही पत्र कोणाचं ते कळावं एवढ्यापुरती. मी तुला शब्द देतोय.

तुझाच भटका भाऊ,
जोरी