खुर्चीतलं बदक

३ सप्टेंबर, मंगळवार

खारू आज कॉलेजातून आली ती पिशवी भिरकावूनच. माझी नात – पण घरभर अशी तुरुतुरु पळते की खरं नाव बाजूलाच राहिलं. आज पळणं नाही. माझ्या आरामखुर्चीशेजारी धपकन बसली आणि म्हणाली, "आजोबा, मी कॉम्प्युटर सोडतेय."

वर्गात एकतीस मुलगे, ही एकटी मुलगी. प्रयोगशाळेत तिघांत एक कॉम्प्युटर. हिच्या गटातले दोघे म्हणतात – "तुझं अक्षर छान आहे, तू वहीत उतरव. टाइप आम्ही करतो." दोन महिने झाले, पोरीने तिथल्या कीबोर्डला बोट लावलेलं नाही! शंका विचारली की मागच्या बाकावर खसखस पिकते.

विषय बदलायचा फॉर्म घेऊन आलीय. शेवटची तारीख तीस.

मी तिला नदीची कविता म्हणून दाखवली. खडक आडवा येतो, नदी वळसा घालून पुढे जाते, ती. चौथीत पाठ केलेली, अजून एक अक्षर इकडचं तिकडे नाही. "छान आहे," म्हणाली आणि आत निघून गेली.

कवितेचा गुण यायला वेळ लागतो.

४ सप्टेंबर

लेकीशी, म्हणजे खारूच्या आईशी, बोललो. ती हॉस्पिटलात नोंदणीच्या खिडकीवर असते. दिवसभर रुग्णांची नावं कॉम्प्युटरात घालते. म्हणाली, "सोडू दे. जिथे आपल्याला कुणी मोजत नाही तिथे कशाला डोकं आपटायचं?" भाजी चिरत होती, वर पाहिलंसुद्धा नाही.

हीच लेक सतरा वर्षांची असताना असाच एक फॉर्म घेऊन याच खुर्चीपाशी आली होती. दोन वेण्या, हातात निळं पेन. मला एकदम ढगांची कविता आठवली आणि मी सबंध म्हणून दाखवली! किती शांतपणे उभी राहून ऐकत होती. मग मी सही केली – साहित्यापुढे. काय सुरेख संध्याकाळ होती ती!

७ सप्टेंबर, शनिवार

आज गंमत झाली. लिहून ठेवलीच पाहिजे.

खारू घरच्या जुन्या लॅपटॉपशी झगडत बसली होती. हजेरीचा प्रोग्राम. सगळं बरोबर, पण यादीतलं पहिलं नाव दर वेळी गायब! मी खुणेनेच विचारलं, काय झालं? खुणेने अशासाठी, की कवळी धुवायला वाटीत ठेवली होती आणि कवळीविना मला बोलवत नाही.

"तुम्हाला नाही कळायचं, आजोबा."

मी हात जोडले. सांग तरी!

मग एकेक ओळ सांगायला लागली. हे नावांचं कपाट. हा त्याचा एकेक खण. एवढ्या ओळी पुन्हा पुन्हा म्हणायच्या. (म्हणजे ध्रुवपद! ओठांवर आलं होतं, पण दात नव्हते.) "हं," मी म्हटलं. "आता कॉम्प्युटर मोजतो शून्यापासून. म्हणजे पहिलं नाव शून्य नंबरच्या खणात. मग मी एकपासून सुरू करते, आणि – अगं बाई!"

कपाळावर हात! काही तरी बदललं, आणि पहिलं नाव हजर.

"आजोबा, तुम्ही ग्रेट आहात!"

मी काहीच केलं नव्हतं. पण छाती फुगली, खोटं कशाला लिहू? टपाल खात्यात चाळीस वर्षं खणांत पत्रं लावली. शून्य नंबरचा खण मात्र पाहिला नव्हता.

९ सप्टेंबर

आज पुन्हा बसली समोर. पुन्हा चूक सापडली! मला या विषयात गती दिसते.

१० सप्टेंबर

कळलं एकदाचं. या धंद्यातले लोक म्हणे टेबलावर रबराचं बदक ठेवतात. प्रोग्राम अडला की त्याला ओळ न् ओळ समजावून सांगायचा. बदकाला काही कळत नाही, म्हणून सगळं सोपं करून सांगावं लागतं, आणि सांगता सांगता आपली चूक आपल्यालाच दिसते.

"म्हणजे मी –"

"तुम्ही आमचं बदक!"

चाळीस वर्षांची नोकरी, शेकड्यांनी कविता मुखोद्गत, आणि शेवटी बदक! जेवताना बोललो नाही. तर खारू म्हणते, "बघा, किती छान जमतंय."

१५ सप्टेंबर, रविवार

आज घरात खारू धरून चार मुली! बाकीच्या तिघी तिने कॉलेजभर फिरून शोधल्या. एक पहिल्या वर्षाची चष्मेवाली, बोलताना स्वतःच्या नखांकडेच बघते. एक शेजारच्या वर्गातली, सारखी हसणारी. आणि एक शेवटच्या वर्षाची, उंच, कपाळावर आठ्या – हवालदार असं नाव मी मनातल्या मनात ठेवलं. सगळ्या जणी आपापल्या वर्गात एकट्या नाही तर दुकट्या.

माझ्या खुर्चीमागे पुठ्ठा टांगलाय: 'बदकाने बोलू नये. कविता शेवटी. एकच.'

रांगेने येऊन आपापली अडचण सांगत होत्या. चष्मेवाली आधी पुटपुटली. मी कानामागे हात धरला. मग जरा मोठ्याने. तिसऱ्यांदा अशी खणखणीत सांगितली की स्वतःच दचकली!

हवालदाराने खारूला झापलं – "वहीत उतरवायचं नाही! मीसुद्धा सबंध वर्ष त्या पोरांच्या वह्या भरल्या. उद्या लवकर जा आणि कीबोर्डसमोरची खुर्ची धर. उठ म्हणाले तर उठू नकोस. बस्स."

फॉर्म अजून खारूच्या टेबलावर आहे. भरलेला. सही तेवढी राहिलीय.

१६ सप्टेंबर

खारू वीस मिनिटं आधी जाऊन खुर्चीत बसली. ते दोघे आले, उभे राहिले. ही म्हणाली, "तुमच्यात अक्षर कुणाचं बरं आहे रे?"

जेवताना हे तीनदा सांगितलं. मी तिन्ही वेळा हसलो. लेक नाही हसली. पण तिसऱ्यांदा भाकरी ताटातच राहिली आणि ती खारूकडे बघत बसली.

२२ सप्टेंबर, रविवार

आज सात जणी. चपला जिन्यापर्यंत. चष्मेवालीने तीन नव्या आणल्या आणि "घाबरू नका, ते फक्त हं म्हणतात" अशी माझी ओळख करून दिली.

एकदा चुकलो. हसरी सांगत होती आणि मी पटकन म्हणालो, "शून्यापासून मोजलंस का?" घरभर ओरडा – "बदक बोललं! बदक बिघडलं!" शिक्षा म्हणून कवळी वाटीत.

लेक ड्यूटीवरून आली तेव्हा मी हवालदाराचं ऐकत होतो. ती दारातच उभी राहिली, चपलांसकट, बराच वेळ. मुली गेल्या, मी कवळी घातली, तशी म्हणाली, "बाबा, तुम्हाला गप्प बसता येतं?"

"येतं की."

"मला वाटायचं येत नाही." वाटी उचलून पलीकडे ठेवली. "मी तो फॉर्म घेऊन आले होते ना, तेव्हा तीन वाक्यं पाठ करून आले होते. मला कॉम्प्युटर शिकायचाय, हे पहिलं. तेवढं म्हटलं आणि तुम्हाला ढगांची कविता आठवली."

"मग पुढची दोन?"

"आता कुठे आठवतायत!"

आठवत असणार. पाठांतरात ती माझ्यावर गेलीय.

२३ सप्टेंबर

दिवसभर एकही कविता तोंडात आली नाही.

तेव्हा ती ऐकत नव्हती. माझी कविता संपायची वाट बघत होती.

२४ सप्टेंबर

चहा घेऊन लेकीजवळ गेलो. "चुकलो," म्हणालो. ती म्हणाली, "साखर विसरलात." विसरलो होतोच. पण चहा सगळा प्यायली.

३० सप्टेंबर, सोमवार

शेवटची तारीख. सकाळपासून खारूच्या पायांत घुटमळत होतो. विचारायची हिंमत होईना. शेवटी तीच म्हणाली, "आजोबा, टेबलाखाली बघा."

मुली ज्या टेबलापाशी बसतात ते सारखं डुगडुगतं. त्याच्या आखूड पायाखाली फॉर्म. चार घड्या घालून!

टेबल हलवून पाहिलं. ढिम्म.

नदीची कविता म्हणायची फार इच्छा झाली. नाही म्हटली.

६ ऑक्टोबर, रविवार

मुली गेल्या. लेकीला सुट्टी होती. हातात कागद घेऊन आली, खुर्ची ओढून माझ्या समोर बसली. "हॉस्पिटलात दोन डॉक्टरांच्या रांगा रोज एकमेकींत मिसळतात. म्हातारी माणसं ताटकळतात. त्यावर प्रोग्राम लिहायचाय मला. खारू शिकवेल म्हणाली." मग वाटी पुढे केली – "काढा, बाबा."

मी कवळी काढून वाटीत ठेवली.

तिने त्या फॉर्मच्या वेळचं पहिलं वाक्य पुन्हा म्हटलं. मग दुसरं. मग तिसरं.

मी "हं" म्हणालो.