मामांच्या तिकिटाची मॅच

जॉन्सनव्हिल, वेलिंग्टन

ती. काशिनाथमामांना चंद्रहासचा साष्टांग नमस्कार (कंबर धरलीय, म्हणून तूर्त कागदावरच). तुमचे गुडघे काय म्हणतात? सांगलीत उकाडा सुरू झाला असेल. इथे आम्ही तिघं मजेत, वारा तेवढा माणसाला सरळ चालू देत नाही. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण पैज हा शब्द ऐकताच तुम्ही फोन ठेवला असता. (तुमच्या घरी दिवाळीतसुद्धा पत्ते निघत नाहीत, मला ठाऊक आहे.) पत्र कसं, रागावून फेकलं तरी पुन्हा उचलून वाचता येतं.

तर मामा, हा जुगार नव्हेच, हिशेब आहे! माझ्या हॅमिल्टनच्या मित्राने, इंद्रनीलने शिकवला. पैजा घेणाऱ्या कंपन्या नवीन गिऱ्हाईक ओढायला एक पैज फुकट देतात. ती फुकटची पैज एका संघावर लावायची आणि दुसऱ्या कंपनीत आपले पैसे विरुद्ध संघावर. कुणीही जिंको, आपल्या हातात थोडंफार उरतंच. तुम्ही दर वेळी म्हणता, एवढा वेळ पाय दुमडून बसवत नाही, मी नाही येत. म्हटलं, जे उरेल त्यात तुम्हाला विमानात पाय पसरायची खुर्ची घेऊ. आता आपले पैसे म्हणून लावायचे ते तुमच्या तिकिटासाठी साठवलेले. (ओरडू नका, पुढे वाचा.)

मॅच होती भारत-न्यूझीलंड. फुकटची पैज वसुंधराच्या नावावर. तिने स्पष्ट सांगितलं, "हिशेब मला कळतो, दिवसभर फार्मसीत गोळ्याच मोजते. पण भारताच्या विरुद्ध माझं बोट उठणार नाही!" मी तिला भलं मोठं व्याख्यान दिलं: भावना बाजूला ठेव, हे नुसतं गणित आहे, वगैरे वगैरे. शेवटी ठरलं, भारत तिच्याकडे, न्यूझीलंड माझ्याकडे. मी फोन घेऊन शांतपणे गाडीत जाऊन बसलो, आणि मामा, बोट काही केल्या न्यूझीलंडवर पडेना! लहानपणी भारत इथे न्यूझीलंडला खेळायला आला की तुम्ही मला पहाटे हलवून उठवायचात, मामी जागी होऊ नये म्हणून रेडिओ रजईत घेऊन आपण दोघं कॉमेंट्री ऐकायचो. आणि तुमच्याच तिकिटाचे पैसे भारताच्या विरुद्ध लावू? लाज वाटली हो. डोळे मिटून भारत दाबला.

मग मात्र ध्यानात आलं: आता भारत हरला की तुमचं तिकीट गेलं! मॅचच्या दिवशी आमची सिद्धी (जन्म इथलाच, त्यामुळे निष्ठाही इथलीच) काळा टी-शर्ट घालून न्यूझीलंडच्या प्रत्येक चौकाराला "स्वीट अ‍ॅज!" (इथल्या पोरांचं 'झकास') म्हणून ओरडतेय, मी सोफ्याची उशी चावतोय, आणि वसुंधरा ढिम्म, मटार सोलत बसलेली. शेवटच्या षटकात जिंकलो, मामा! मी तिथल्या तिथे सगळं कबूल केलं आणि असा नाचलो की कंबरेतून कट्कन आवाज आला.

तुमचा,
चंद्रहास

ता. क. तिकीट काढलंय. नाही म्हणायचं नाही. माझी आणि वसुंधराची, दोन्ही पैजा भारतावर लागल्या आणि दोन्ही जिंकल्या, त्यामुळे आता पाय पसरायची कसली, चक्क आडवं होऊन झोपायची खुर्ची घेतो. गल्लीत कुणी विचारलं तर भाच्याला बोनस मिळाला म्हणा.

ता. क. २. मामा, वसुंधराचा नमस्कार. पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे आलंय, म्हणून चार ओळी. गाडीत जाताना याचा चेहरा बघूनच मी ओळखलं, याच्या हातून न्यूझीलंड दाबलं जाणार नाही. दोघंही भारतावर बसलो आणि भारत हरला, तर तुमचं येणं बुडालं. म्हणून देवासमोर कान पकडले आणि माझी पैज न्यूझीलंडवर लावली. ती अर्थातच गेली. हा इतका नाचत होता की सांगवलं नाही. तेव्हा झोपायची खुर्ची विसरा, पाय पसरायचीच मिळेल. पण या हं नक्की. आयुष्यात एकदाच भारताच्या विरुद्ध गेले, ती तुम्ही यावं म्हणून.