मालिशवालीचे दोन सवाल

आई, आज सांवेरच्या आमच्या दवाखान्यात जे झालं ते सगळ्यात आधी तुला सांगायचंय. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी काही चांगलं घडलं की पहिली तूच आठवतेस.

धाकट्याच्या वेळी मी नऊ वर्षांची होते. तू शेगडीसमोर बसली आहेस, दूध उतू जातंय आणि तू नुसती बघते आहेस. येणाऱ्या बायका बाळ बघतात, डिंकाचा लाडू खातात आणि निघतात. आत्या म्हणते, "बाळंतिणीनं रडू नये, दूध आटतं." मग तू पदराआड रडायला लागलीस. सव्वा महिना सरला, वर्ष सरलं, पण तुला काय होतंय हे कोणी विचारलं नाही. याचा मला अजून संताप येतो.

आता मी नर्स आहे आणि तेच विचारणं माझं काम आहे. सुरुवातीला मी दीडशहाणी प्रश्नांचे कागद घेऊन घरोघरी जायची आणि सासूच्या देखतच विचारायची, "मन उदास रहता है क्या?" सगळ्यांचं उत्तर ठरलेलं, "सब ठीक है, बेनजी." कागद भरत गेले, तुझ्यासारखी बाई एकही सापडेना. मग लक्षात आलं की दार लावून बाळंतिणीपाशी रोज बसते ती फक्त मालिशवाली. तिला दोनच सवाल शिकवले: मन लागतं का, आणि बाळाची भीती वाटते का. ती माझ्यावरच उखडली, "म्हारे हाथ चलाना है कि मुँह?" पण पंधरा दिवसांत एका बाळंतीण पोरीला स्वतः बसमध्ये बसवून दवाखान्यात घेऊन आली. पोर तिला म्हणाली होती, बाळाला हात लावायची भीती वाटते, जगावंसं वाटत नाही. त्याच दिवशी डॉक्टरांनी तपासून उपचार सुरू केले.

आज लसीकरणाला तीच पोर बाळाला कडेवर घेऊन, हसत आली. तिची सासू सगळ्या बायकांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मैं तो बोलती थी, नखरे कर री है. नखरे नी थे, बीमारी थी. तुम्हारी बहू चुप रहे तो पूछ लेना." आई, मी भर दवाखान्यात टाळ्या वाजवल्या! जिंकलो गं आपण.

हे पत्र मी कुठे टाकणार? पण एक कबूल करते. त्या वर्षी मैत्रिणीनं दारात विचारलं होतं, "तेरी मम्मी बाहर क्यों नी आती?" मी म्हणाले, "नाटक करती है." तू आत जागी होतीस, आणि मला ते माहीत होतं.