सही करू नकोस

४ मार्च

चि. सूनबाईस, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र नाही, म्हणून मीच पेन हातात घेतलं. इकडे सगळे ठीक. थोरल्याची दाढ काढली. खुर्चीत बसून त्याने असा आरडाओरडा केला की बाहेरचे दोन पेशंट उठून घरी गेले. पन्नाशीचा घोडा!

आता मुद्द्याचं. माझा धाकटा गेला त्याला वर्ष होऊन गेलं. तो होता तोवर तुम्ही परमुलखात राहिलात ते ठीक. आता तिथे तुझं आणि भिंगरीचं कोण आहे? थोरल्याने इथल्या दवाखान्यात तुझ्यासाठी शब्द टाकलाय. पोरीची शाळा संपली की दोघी निघून या, असं त्याचं म्हणणं. माझंही तेच. तुला दुखणाईत माणसंच हवीत ना? ती इथे काय कमी आहेत?

नातीला पापा. माया आहेच, पण जवळ असलीस की ती रागावून दाखवता येते.

तुझी सासू

१९ मार्च

ती. आईंना, शि. सा. न. वि. वि.

दाढेची गोष्ट भिंगरीने मला पुन्हा पुन्हा वाचायला लावली. काकांचा आवाज काढत ती घरभर ओरडत फिरतेय.

येण्याचं मात्र जमणार नाही. आधी कारण ऐका, मग रागवा. आमच्या इस्पितळामागे बुटांचा कारखाना आहे. तिथे काम करणाऱ्या बहुतेक बायका आपल्यासारख्याच बाहेरून आलेल्या. थंडी सुरू झाल्यापासून त्या माझ्याकडे येतायत. आधी पायाच्या बोटांना मुंग्या, मग चप्पल निसटली तरी कळत नाही, मग पाऊलच उचलेनासं होतं. एकीला स्वतःच्या कोटाची बटणं लावता येईनात. बाकीच्या तिला बटणवाली म्हणतात. तीही हसते, आणि हसता हसता रडते.

खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, या सगळ्या एकाच खोलीत बसून बुटांचे तळवे चिकटवतात. गारवा आत येऊ नये म्हणून तिथल्या खिडक्या खिळे मारून बंद केल्यात. चिकटवायच्या सोल्युशनच्या उग्र वासात दिवसभर बसून यांच्या नसा मरतायत. आमचे मोठे डॉक्टर म्हणाले, या बायकांच्या अंगात रक्तच नसतं, टॉनिक द्या. कारखान्याचे मालक इस्पितळाच्या मंडळावर आहेत, एवढं सांगायचं ते विसरले. मी प्रत्येकीच्या दाखल्यावर सोल्युशनचं नाव लिहिलं आणि कारखाने तपासणाऱ्या सरकारी खात्यालाही कळवलं.

आता यांना अर्ध्यावर टाकून कशी येऊ? रागावलात तरी दोन ओळी लिहा. तुमचं रागावणंही इथे वाट बघून वाचलं जातं.

तुमची सून

१० एप्रिल

चि. सूनबाईस आशीर्वाद.

अगं, हात दाखवून अवलक्षण कशाला? थोरला म्हणतो, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, आणि इथे तर पाणीही दुसऱ्याचं. मला तुझा स्वभाव ठाऊक आहे. नवीन लग्न होऊन आलीस तेव्हा पाहुणे पानावर बसलेले असताना वाढणं टाकून शेजारच्या बाळंतिणीकडे पळालीस. मी कितीतरी दिवस तुझ्याशी बोलले नाही. त्याने तुझं काही अडलं नाही, माझंच पोट फुगलं.

तरी म्हणते, सांभाळून. पदरात पोर आहे.

आणि हे कळव, त्या खिडक्या उघडल्या का? बटणवालीला घरी कोण आहे? तिची वेणी कोण घालतं?

काळजी करणं माझं काम, ते मी सोडणार नाही. तूही मला सोडू नकोस.

सासू

२ मे

ती. आईंना सा. न.

खिडक्या उघडल्या नाहीत. बटणवालीची वेणी तिची बहीण घालते. आणि मला कामावरून घरी बसवलंय.

मंडळाने बोलावलं होतं. लांब टेबल, पलीकडे सगळे, अलीकडे मी एकटी. एक कागद पुढे सरकवला. निदान घाईत केलं, दाखले मागे घेते, असा मजकूर. सही केलीत तर उद्यापासून कामावर, वर विभागाची प्रमुख, असं मोठे डॉक्टर म्हणाले. मालक गोड आवाजात म्हणाले की या देशाने तुम्हाला इतकं दिलं, थोडी जाण ठेवा. मी म्हटलं, जाण आहे म्हणूनच इथल्या माणसांचे पाय वाचवतेय. मग विचारलं की त्या बंद खोलीत तुम्ही एक आठवडा बसाल का. सगळे छताकडे बघू लागले. मी कागद तिथेच ठेवला आणि उठले.

नोकरी गेली तर इथे राहायची परवानगीही जाते, आई. भिंगरीने विचारलं, आपल्याला हाकलतील का. खोटं कशाला बोलू? हाकलू शकतात, म्हटलं. मग शाळेचा अभ्यास करू की नको, असं तिने विचारलं. कर म्हणून सांगितलं.

बायकांनीही काम थांबवलंय. बटणवाली काठी टेकत सगळ्यांच्या पुढे, कारखान्याच्या फाटकाबाहेर उभी असते. संध्याकाळी त्या आमच्याकडे येतात. जेवायच्या टेबलाशी बसवून मी एकेकीचे पाय तपासते. खालच्या मजल्यावरची बाई गोंगाटाची तक्रार करायला आली आणि ब्लडप्रेशर मोजून घेऊन गेली.

तुम्ही सही कर म्हणालात तर माझा धीर सुटेल. म्हणून आधीच विनवते, तेवढं म्हणू नका.

तुमची

१५ मे

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

थोरल्याने पत्र जेवताना मोठ्याने वाचलं. म्हणाला, सही करून मोकळी हो आणि पहिल्या विमानाने ये, असं तिला लिही. मी हातातला घास खाली ठेवला. त्याला विचारलं, तुझे पाय लुळे पडले असते आणि तुझ्या डॉक्टरने नोकरीसाठी खोटं लिहिलं असतं तर? तो म्हणाला, ते वेगळं. मी म्हटलं, पाय सगळ्यांचे सारखेच. दोन दिवस गाल फुगवून बसला. आता तुझ्या परवानगीसाठी आपल्या वकील मित्राचं डोकं खातोय.

तर ऐक. सही करू नकोस. आणि पळून इकडे येऊ नकोस. यायचंच तर मान वर करून ये, म्हणजे मला भांडायलाही बरं वाटेल.

धाकटा गेला तेव्हा वाटलं, त्याचं घर मिटलं. त्याच्या टेबलाशी बायका पाय पुढे करून बसतात हे वाचलं आणि वाटलं, भरलंय की.

त्या सगळ्यांना मी विचारलंय म्हणून सांग. तुला तर रोजच विचारते, मनातल्या मनात.

तुझीच सासू

३० जून

ती. आईंना साष्टांग नमस्कार.

सरकारी तपासनीस आले. खोलीत पाय ठेवताच त्यांना खोकल्याची उबळ आली. ते सोल्युशन बंद झालं, पंखे बसले, खिडक्यांचे खिळे निघाले. बायका कामावर परतल्या. त्यांतल्या दोघींचे पाय बरेच सुधारलेत. बटणवालीचे पूर्ण बरे होतील असं मी सांगू शकत नाही, आणि तिला तसं सांगितलंही नाही.

इस्पितळाने परत बोलावलं, पण झाल्या प्रकाराबद्दल बाहेर बोलायचं नाही या अटीवर. मी गेले नाही. पुढच्या गल्लीत एका म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे. त्यांनी बोलावून विचारलं की ती भांडखोर बाई तूच का. हो म्हटल्यावर खुर्ची पुढे केली. त्यांनी नोकरी दिल्यामुळे इथली परवानगी वर्षभर वाढली. पुढचं पुढे. भाऊजींना सांगा, त्यांच्या मित्राचा सल्ला फार उपयोगी पडला.

गेल्या आठवड्यात या दवाखान्याच्या दाराबाहेर माझ्या नावाची पाटी लागली. इस्पितळात सगळे मला दोन अक्षरांत हाक मारायचे, पुढचं जिभेवर वळत नाही म्हणून. रंगाऱ्यानेही सुचवलं, बाई, छोटं नाव टाका, लोकांना सोपं जाईल. मी माझं, यांचं आणि तुमच्या घराण्याचं आडनाव, सगळं लिहवून घेतलं. पाटी दारापेक्षा रुंद झालीय. सकाळी रांगेतली माणसं ते नाव वाचून बघतात. अडखळतात. मी आतून ओरडून दुरुस्त करते, आणि बरोबर येईपर्यंत पुन्हा म्हणायला लावते.

मायेत काही कमी करू नका. भांडायला हिवाळ्यात येतेय.

तुमची सून