काट्यावर कुणी नाही

२ फेब्रुवारी
गोबी वाळवंटातल्या खाणीवर आज पोहोचलो. जागा चांगली आहे. खोलीत शेगडी, खारा दुधाचा चहा हवा तितका. माझा थोरला भाऊ मोंखदादा इथे खाणीत आहे. त्याने शब्द टाकला म्हणून ही नोकरी मिळाली. धावपट्टीवर उभं राहून भाड्याच्या विमानात चढणाऱ्या माणसांचं वजन काट्यावर घ्यायचं. मुकादम दाशन्याम म्हणाले, आठवी पास आहेस ना, मग सुई वाचता आली म्हणजे झालं, विमान मी सांभाळतो. सगळे हसले, मीही. त्सगान सारच्या, नव्या वर्षाच्या सणाला दादासोबत आईकडे जायचं आहे.

८ फेब्रुवारी
सणाची पहिली तुकडी आज निघाली. ताटात मेंढीची अख्खी पाठ नसेल तर सण कसला? वजन झालं की लोक धावपट्टीच्या कठड्यावर ठेवलेल्या गोठलेल्या पाठी उचलून जाड अंगरख्यांत लपवत होते. मी मुकादमांना सांगितलं. ते म्हणाले, शहाण्या, रिकाम्या हातांनी गेलेल्याला बायको दारात तरी उभं करील का?
विमानाने जमीन सोडली, पण ते वर गेलंच नाही. धावपट्टीपलीकडे पडलं. कुणीही वाचलं नाही.

१२ फेब्रुवारी
काटा पुसत होतो. वर कुणी नव्हतं. सुई चढली, थांबली, उतरली. पुन्हा चढली. माणसांची रांग असावी तशी. जळक्या चरबीचा वास. मुकादम म्हणाले, थंडीने स्प्रिंग आखडते.

१३ फेब्रुवारी
उद्या दुसरं विमान. दादा त्यात आहे. मी माझं नाव काढून घेतलं. जाऊ नकोस म्हणून पाय धरले. तो म्हणाला, तुला भुतं दिसतात म्हणून आईने एकटीने सण करायचा का?

१४ फेब्रुवारी, सकाळ
दादाचं वजन नेहमीच्या दीडपट. अंगरखा उघडायला लावला — आत काही नाही. माझी पाठ गार पडलीय म्हणाला. मागच्याचंही तसंच. त्याच्या मागच्याचंही. मी ओरडलो. मुकादमांनी काटा बिघडलाय म्हणून बाजूला ठेवला —

विमानात
दारात आडवा झालो. वाटलं, हाकलतील, भांडण होईल, निदान उशीर होईल — पण वैमानिक हसला. एक जागा रिकामी आहे म्हणाला, रडतोस कशाला, चल, आईला दोघंही भेटा. लोकांनी प्रेमाने धरून बसवलं. दार लागलं —

धावतंय. मांडीवर कुणीतरी बसलं. गार. जड. दादा मला विचारतोय, माझ्या मांडीवर कोण —
त्या पहिल्या विमानातल्यांनाही घरी —
पट्टी संपत आली. चाकं अजून जमिनी