फाइलीच्या पोटातले नाव

॥ श्री ॥
मालवण, ३ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. अनुजा हिस दाजीमामाचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र नाही म्हणून मीच लिहितो. फोन का करत नाही, असे विचारशील. आमच्या दुकानात दोर घ्यायला आलेला माणूस दोर कमी बघतो आणि मी फोनवर काय बोलतो ते जास्त ऐकतो. बंदरावर बर्फाच्या लाद्या उचलत होतो तेव्हा मीही असाच लोकांचे ऐकून ऐकून धंदा शिकलो, म्हणून मला ते कळते.

काम असे आहे. आपल्या वाडीचे ‘खाडीकाठ’ पत्रक छापणारे प्रेसवाले थकले आणि त्यांनी प्रेस बंद केली. मंडळाने ठरवले की यापुढे अंकाची पीडीएफ करून ती मोबाइलवर पाठवायची. संपादक मी, त्यामुळे हेही माझ्याच गळ्यात. फुकटातले एखादे बरे सॉफ्टवेअर सांग. इथे जो येतो तो वेगळे नाव सांगतो. एकाने वेबसाइट दाखवली. तिथे फाइल टाकली की पीडीएफ होऊन परत येते म्हणे. मधल्या वेळात ती कुठे जाऊन येते, असे मी विचारले तर गृहस्थ डोके खाजवायला लागले.

आता खरी गोष्ट. या अंकात एक बिननावाचा लेख आहे. खाडीत सक्शन पंप लावून रेती उपसतात, त्याने खारे पाणी शेतात येऊ न देणारा खारबंधारा खालून पोखरला जातो आहे, असा. लिहिणारी आपली रश्मी, राधाबाईची सून. तिचा नवरा सर्वेश बोटीवर नोकरीला, घरात या दोघी बायका, आणि रेतीवाला देवेश समोरच्याच काठावर. नाव बाहेर येणार नाही, असा मी तिला शब्द दिला आहे. राधाबाईलाही पत्ता नाही. हे पत्र वाचलेस की फाडून टाक.

जावईबापूंना नमस्कार. मामावर जीव आहे तसाच असू दे.

तुझा दाजीमामा


पुणे, ८ नोव्हेंबर २०२५

ती. दाजीमामा यांस अनुजाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र फाडले. फाडताना वाईट वाटले, कारण तुमचे अक्षर आता पूर्वीपेक्षा सुवाच्य झाले आहे.

वेबसाइटबद्दल तुम्हाला आलेली शंका बरोबर आहे. तिथे टाकलेली फाइल कुणाच्या तरी संगणकावर जाते आणि तिथून पुसली गेली की नाही, हे आपल्याला कळत नाही. त्यात वाडीतल्या लोकांचे फोन नंबर असतील, म्हणून तो रस्ता नकोच. लिब्रेऑफिस घ्या. ते फुकट आहे, तुमच्याच संगणकावर चालते, नेट बंद असले तरी अडत नाही. मराठी जोडाक्षरे नीट येतात आणि मेनूतच पीडीएफ करायची सोय आहे. मात्र ते त्यांच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवा. दुसरीकडे मोठे हिरवे बटण दिसले की तुमचा हात शिवशिवणार, हे मला ठाऊक आहे.

प्रत्येक अंकाला नवीन फाइल उघडा. जुन्यात भर घालत बसू नका, घोळ होतो.

रश्मीचे वाचून मात्र एक विचारावेसे वाटते. तो लेख या अंकात नसता तर चालले नसते का?

मामी गेल्यापासून तुम्ही जेवणाकडे बघत नाही असे ऐकते. बघा. आशीर्वादाची भुकेली,

अनुजा


॥ श्री ॥
मालवण, २७ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. अनुजा हिस आशीर्वाद.

अंक निघाला. मुंबईकरांचे अंगठे आले, फुले आली, एकाने तर प्रेसपेक्षा बरा म्हटले. तुझा हिरव्या बटणाचा टोमणा लक्षात ठेवून सगळे जपून केले. एक युक्ती माझ्या पदरची. रश्मीने पेनड्राइव्हवर दिलेल्या फाइलीतले अक्षर इतके छान होते की मी तीच उघडली आणि पुढे बाकीचा अंक ओतला. बरा खोका हाताशी असताना नवा कशाला बांधायचा?

आता मुद्द्यावर येतो. काल बंदरावर चहा पीत होतो. पाठीमागच्या बाकावर दत्ताराम, देवेशकडे हिशेब लिहितो तो. कुणाला तरी सांगत होता, “नाव छापूक नाय म्हणान काय झाला? फाइलीच्या पोटात आसता ता. आमच्या शेटान बघितल्यान.”

मी वळून बघितले नाही. चहा संपवला, दुकानात आलो आणि गिऱ्हाइकाला दोराऐवजी जाळ्याचा गुंडा बांधून दिला. अनुजा, फाइलीला पोट असते का? उत्तर पोस्टाने नको. रात्रीच्या पुणे-मालवण एसटीचा ड्रायव्हर ओंकार आपला माणूस आहे, त्याच्याकडे दे.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,

दाजीमामा


पुणे, ३० नोव्हेंबर २०२५

ती. दाजीमामा यांस शि. सा. न.

असते, मामा. फाइल ज्याच्या संगणकावर पहिल्यांदा तयार होते, त्या संगणकात ज्याचे नाव भरलेले असते, ते फाइलीला चिकटते. पीडीएफ केली तरी ते बरोबर जाते. यात सॉफ्टवेअरची चूक नाही, ते तसेच बनवलेले असते आणि काढायचे म्हटले तर काढताही येते. नवीन फाइल उघडा म्हणाले, पण का ते लिहिले नाही. आता स्वतःचाच राग येतो आहे.

पीडीएफ उघडून ‘प्रॉपर्टीज’ बघा. तिथे लेखक म्हणून जे नाव असेल तेच देवेशने पाहिले आहे. लोकांच्या मोबाइलवर गेलेला अंक आता परत घेता येणार नाही.

रश्मीला आणि राधाबाईंना काही दिवस रश्मीच्या माहेरी पाठवता येईल का? ओंकार गाडी सोडायच्या घाईत आहे. जपा.

अनुजा


॥ श्री ॥
मालवण, ४ डिसेंबर २०२५

चि. सौ. अनुजा हिस आशीर्वाद.

बघितले. रश्मीचे नाव नाही. क्षणभर देव्हाऱ्याकडे हात जोडले. मग चष्मा पुसून पुन्हा वाचले. तिथे सर्वेशचे नाव आहे. लॅपटॉप त्याचा, जाताना घरी ठेवून गेलेला.

त्या बिचाऱ्याने लेख वाचलेलाही नाही. तेलाच्या बोटीवर नेट धड नाही, मुंबईत उतरेपर्यंत फोन लागत नाही. आणि आपल्या पत्रकात ‘येणारे-जाणारे’ हे सदर असते, तुला माहीत आहे. गावचा मुलगा सुट्टीवर येणार असला की कुठल्या दिवशी, कुठल्या स्टेशनावर, ते छापायचे, म्हणजे वाडीतले चौघे ओझे उचलायला जातात. माझ्या वडिलांच्या वेळची रीत. याच अंकात मी छापले आहे की सर्वेश बारा तारखेला नांदगाव स्टेशनावर उतरेल. त्याला कुठे गाठायचे तेही मीच सांगून ठेवले.

रश्मीला बोलावून सगळे सांगितले. ती रडली नाही. आत्ताच्या आत्ता देवेशच्या दारात जाऊन सांगते म्हणाली, लेख माझा, नवऱ्याला सोडा. मी तिला उंबऱ्यावर अडवले. पोलिसांत अर्ज देऊन आलो. काल दोन मोटारसायकलवाले दुकानाशी थांबले, काही घेतले नाही, सर्वेश कसा आहे विचारून गेले. हसून विचारले, म्हणून जास्त भीती वाटली.

मी पुढचा अंक अकरा तारखेलाच काढतो आहे. त्यात खुलासा असेल: गेल्या अंकातला लेख माझा, टंकनासाठी लॅपटॉप सर्वेशच्या घरून आणला होता. फाइल नवी, नाव माझे. मार्ग बरा आहे का ते सांग, आणि नसला तरी ‘हो’ म्हण.

मामा


पुणे, ७ डिसेंबर २०२५

ती. मामा यांस शि. सा. न.

नाही म्हणते. सर्वेश मुंबईत उतरला की रश्मीने त्याला फोन करावा आणि त्याने दुसऱ्याच स्टेशनावर उतरावे. तुम्ही दुकानात एकटे बसता, मागची खोली खाडीकडे उघडते, दाराला साधी कडी. तुमच्या नावाने काही छापू नका. माझी आई असती तर तिने भाऊबीजेची शपथ घातली असती. तिच्या वतीने मीच घालते.

अनुजा


॥ श्री ॥
मालवण, १४ डिसेंबर २०२५

चि. सौ. अनुजा हिस अनेक आशीर्वाद.

तुझी शपथ मोडली. माणसाला स्टेशन बदलता येते, घर बदलता येत नाही. सर्वेशला कळवले तेव्हा तोही हेच म्हणाला, चोरासारखा गावात येणार नाही.

अकराला अंक गेला. बाराला मी टेम्पो घेऊन नांदगावला गेलो. एरवी ओझे उचलायला चौघे येतात, या वेळी कुणी नव्हते. अंक सगळ्यांनी वाचला होता. मोटारसायकलवाले मात्र होते आणि पिंपळाखाली देवेशची गाडी. तो उतरून माझ्याकडे आला, वाकून पाया पडला आणि म्हणाला, “तुमची नजर अजून बरी आसा, दाजी. पण खाडीकडे आता घसरता. जपान चला.”

मी म्हटले, “लेख माझोच.” आवाज नीट निघाला असावा. त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिले. तेवढ्यात रेल्वेगाडी आली. सर्वेश बॅग घेऊन त्याच्या शेजारून गेला आणि देवेशने मान वळवली नाही. राधाबाईने लेकाला तिरफळ घातलेले बांगडे वाढले असे कळले.

माझे म्हणशील तर कालपासून मागच्या दाराला पोत्यांची थप्पी लावली आहे. मोटारसायकल गेली की मी मोजमाप सोडून ती पुढे जाते की थांबते ते ऐकतो. कान चांगले असणे आता बरे वाटत नाही.

आज दुपारी रश्मी आली. बंधाऱ्याला दोन जागी पाझर लागला आहे, राधाबाईच्या शेतात खारे पाणी आले आहे. त्यावर तिने नवा लेख आणला होता, कागदावर हाताने लिहिलेला. माझ्या संगणकासमोर बसली, नवी फाइल उघडली आणि म्हणाली, “दाजी, एकदा सर्वेशाच्या नावान झाला, एकदा तुमच्या. आता माझा घाला.” मी तिला पुष्कळ समजावले. घरात सर्वेशला आणि सासूला सांगितलेस का, असेही विचारले. सांगून आले म्हणाली. राधाबाई म्हणे तिच्याबरोबर रस्त्यापर्यंत चालत आली.

मथळ्याखाली नाव टाइप करताना तिचा हात थांबला नाही. मी चहाचा कप खाली ठेवला.

अंक सकाळी जाईल. आम्हां सगळ्यांची आठवण ठेव आणि वरचेवर लिहीत जा.

तुझा दाजीमामा