तीन गाठी

४ जानेवारी १९३६, इंदापूर

आलो एकदाचा! बारामतीची बदली मास्तरकी संपते न संपते तोच हुन्नर फंडाने मला देखरेखीला नेमले. एका दिवंगत व्यापाऱ्याच्या धर्मादायातून गरिबांची मुले सुतार, लोहार, सणगर अशा उस्तादांच्या घरी शिकायला ठेवतात. मी दरमहा प्रत्येकाला भेटायचे आणि वहीत ‘प्रत्यक्ष पाहिले’ असे लिहायचे. कचेरीतच राहायला खोली, वर सायकल. आणखी काय हवे? नियम मात्र कडक आहेत. पहिले वर्षभर आईबापांनी मुलाला भेटायचे नाही, म्हणजे ते रमते. आणि माझ्या सहीशिवाय उस्तादाने मुलाला घरी धाडायचे नाही.

१७ जानेवारी

निरवांगीला जाऊन आलो. सायकलीने कंबरेचे पार भुसकट पाडले. तिथे दत्तोबा सणगर घोंगड्या विणतो. त्याचा माग जमिनीतला, विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसतो. लोकरीला चिंचोक्याची खळ लावतात, तिचा आंबूस वास घरभर भरलेला. त्याच्याकडे आपल्या फंडाचा भिमा आहे, वय दहा. पाय पोचत नाहीत म्हणून खड्ड्यात त्याच्यासाठी दगड ठेवला आहे. शिकताना विणलेल्या काळ्या पट्टीच्या टोकाला तांबडा धागा घालून त्याला तीन गाठी मारायच्या, ही त्याची खूण. आईला बघताक्षणी कळेल, म्हणाला. मी निघालो तर सायकलीचा कॅरिअर धरून उभा. “खड्ड्यात लई गार लागतं, मास्तर. मला आयकडं न्या की.” पुढच्या खेपेला बघू, असे म्हणून मी त्याची बोटे एकेक करून सोडवली.

१९ फेब्रुवारी

या महिन्यात गेलोच नाही. दत्तोबाने एका गाववाल्याबरोबर भिमाची पट्टी धाडली, घट्ट गुंडाळून सुतळीने बांधलेली. टोकाला तांबड्या तीन गाठी दिसत होत्या. हातचे काम समोर असताना तेरा मैल कशाला तंगडतोड करायची? गुंडाळी तशीच कपाटात टाकली आणि ‘प्रत्यक्ष पाहिले’ लिहून मोकळा झालो. स्वतःच्या हुशारीचे कौतुकच वाटले.

८ मार्च

बाजाराला भिमाची आई छबूबाई आली. बारामतीकडे कालव्याखालच्या उसात खुरपते. दारातूनच विचारले, “माझा भिमा बरा हाय न्हवं?” प्रत्यक्ष पाहिला, अंगाने भरलाय, असे मी बेधडक सांगितले. सकाळीच उंबऱ्यावर आणखी एक पट्टी पडलेली होती, ती तिच्या हातात दिली. तिने गालाला लावली. ओली हाय, म्हणाली. जाताना पदरातल्या भुईमुगाच्या शेंगा दिल्या, भिमाला पोचवा म्हणून.

शेंगा मीच खाल्ल्या. लिहितानाही लाज वाटते.

२ एप्रिल

आणखी दोन पट्ट्या आल्या. कोण ठेवून जाते, कोणी पाहिलेले नाही. भर दुपारी दार उघडले की उंबऱ्यावर पट्टी. चार दिवस उन्हात टाकल्या, वाळत नाहीत. भाताला खळीचा वास येतो. बाहेर चैत्राचे ऊन आणि टेबलाखाली पाय गारठतात.

२१ एप्रिल

निरवांगीला गेलो. मागाचा खड्डा फळ्यांनी झाकलेला. दत्तोबा मला बघून रडायलाच लागला. भिमा सत्तावीस फेब्रुवारीला तापाने गेला. “एकच पट्टी धाडली, मास्तर. आत चिठ्ठी व्हती. तुमच्या सहीची वाट बघत बसलो.” कचेरीत कळवायला, छबूबाईला सांगायला तो दोनदा निघाला आणि अर्ध्या वाटेतून परतला. तोंड दाखवायचा धीर झाला नाही, म्हणाला. त्यानंतर मागाला त्याने हात लावलेला नाही.

मग या पट्ट्या—

२२ एप्रिल

पहिल्या पट्टीची सुतळी आज सोडली. आत चिठ्ठी. कुणाकडून तरी लिहवून घेतलेली, १८ फेब्रुवारीची. ‘पोराला ताप हाय. सही धाडा. आईकडं पोचवतो.’

नऊ दिवस होते माझ्या हातात. मी मारला त्याला. माझ्या आळसाने मारला.

२४ एप्रिल

छबूबाईला पत्र लिहिले, फाडले. खरे सांगितले तर नोकरी जाईल. अजून नोकरीच सुचते मला! थू!

जमिनीखाली माग चालतो आहे. धप्— धप्— भर दिवसा. खुर्चीखालची जमीन खचते आहे. पाय खाली सोडले तर दगडाला टेकले. इथे दगड कुठला?

२६ एप्रिल

बाजार. खिडकीतून छबूबाई येताना दिसते. पदरात शेंगा. आज सांगणार. काही झाले तरी—

पाय गुडघ्यापर्यंत खाली गेले आहेत. उठवत नाही. धोतर कुणीतरी धरले आहे— लहान बोटे— ओढत नाहीत, नुसती धरून आहेत—

ती दारात आली. मी वहीतून मान वर काढत नाही. लिहितोच आहे. “भिमा बरा हाय न्हवं, मास्तर?”

सांग. आता तरी सांग—

बरा आहे, म्हणालो.

घोट्याला धागा गुंडाळतो आहे— ओला— तांबडा— एक गाठ— दुसरी—